पटाच्या फलकावरचा जाड, तिरका मथळा: कलवायचा कसा आणि कुठे नाही

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाडीपट्टीतलं (पूर्व विदर्भातलं) नाटक, रात्रीची कबड्डी. दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या चौकाचौकांत फ्लेक्स चढतात आणि मथळा हमखास जाड, उजवीकडे कललेला असतो. धावत्या बैलजोडीला ते शोभतंही. बिघडतं कुठे, तर बहुतेक मथळे इटॅलिकचं बटण दाबून मोकळे होतात.

रोमन लिपीत इटॅलिक हे वेगळ्या वळणाचं अक्षर आहे. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये त्यात अख्खं पुस्तक छापलं. देवनागरीत आपण उभंच अक्षर कलवतो, म्हणून कलवल्यानंतरची डागडुजी हाताने करावी लागते.

आधी फॉन्ट. बलू, मुक्ता आणि खांड हे तिन्ही फुकट मिळतात, युनिकोड आहेत आणि त्यांची जाड रूपं कलवून चांगली दिसतात. मोदक दिसायला झकास, पण त्याच्या पोकळ्या दोऱ्याएवढ्या. बॉर्डर द्यायची असेल तर तो नको. स्वतः अक्षर काढत असाल तर कान्याची (उभ्या दांड्याची) जाडी अक्षराच्या उंचीच्या पावपट ठेवा, शिरोरेषा त्याहून थोडी बारीक, आणि आतली पोकळी कान्याच्या निम्म्यापेक्षा कमी होऊ देऊ नका.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करून शुद्धलेखन तपासा, मग कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात. हे टाळलं आणि छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला, तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. त्यानंतर प्रत्येक शब्दाची सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर चढलेली असतात. वेल्ड न करता बॉर्डर दिली की प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते. गावोगावच्या फ्लेक्सवर सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. दुसरी तिची बहीण: शब्द लांब दिसावा म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवणं. त्याने शिरोरेषाच तुटते. जागा उरली तर अक्षर मोठं करा.

आता कलवा, ८ ते १० अंश. १४ च्या पुढे अक्षर पळत नाही, पडतं. भिंतीवर रंगवणाऱ्याने कोनमापक शोधायची गरज नाही: १ फूट उंचीला वरचं टोक २ इंच उजवीकडे सरकवलं की साडेनऊ अंश होतात. दर ६ इंचांवर खडूने अशा तिरक्या रेघा मारून घ्या, आधी सगळे काने ओढा, मग गोलाई.

कलवल्यावर आडव्या रेघेची जाडी तशीच राहते, तिरक्यांची बदलते. १० अंशांना, कलाच्या दिशेने वर चढणारी ४५ अंशांची रेघ सुमारे ८ टक्के बारीक होते आणि उलट्या दिशेची सुमारे ९ टक्के जाड. म्हणून ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटाची वरची डावी बाजू सुकते, खालची डावी सुजते. ‘र’चा पाय जड होतो. शेप टूल (कडेचे बिंदू हलवायचं साधन) घेऊन सुकलेल्या जागी थोडं भरा, सुजलेल्या जागी काढा. पाच अक्षरांच्या ‘शंकरपट’ला हे सहज जमतं, आणि फरक रस्त्यावरून दिसतो.

बॉर्डर हा खरा सापळा. १२ मिलिमीटरची बॉर्डर दोन्ही बाजूंनी ६-६ मिलिमीटर बाहेर येते, म्हणजे १२ मिलिमीटरची फट पूर्ण बुजते. ‘ध’ आणि ‘भ’ यांची ओळख शिरोरेषेतल्या फटीवर टिकलेली. ती बुजली की ‘धान खरेदी’चं ‘घान खरेदी’ होतं आणि ‘भव्य’चं ‘मव्य’. बॉर्डर देण्याआधी ही फट बॉर्डरच्या दुपटीहून रुंद करून घ्या. बॉर्डर ‘बिहाइंड फिल’ (अक्षराच्या रंगामागे) ठेवा, नाहीतर ती अक्षरालाही आतून खाते. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’वरही टिक हवी, लहान मापात केलेलं काम १० फुटांवर नेलं की बॉर्डर केसाएवढी राहते.

ओळ वर चढती हवी असेल तर फिरवू नका. ५ अंश डावीकडे फिरवली की काना मागे येतो आणि १० चा कल ५ वर उतरतो. त्याऐवजी उभ्या दिशेने स्क्यू करा (तिरकं ओढा). काने जागेवर राहतात, फक्त शिरोरेषा चढते.

मापाचा ठोकताळा: दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. चौकात १०० फुटांवरून वाचायचं तर १० इंच, आणि त्यात मात्रा-उकार धरायचे नाहीत. त्यांच्यासाठी वर-खाली मिळून अक्षराच्या तीन-चतुर्थांश जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो.

तिरकं जाड अक्षर दोन-चार शब्दांपुरतंच. पटाची तारीख, जोडीमालकांसाठी प्रवेश फी, बक्षिसांच्या रकमा, नाटकातल्या कलाकारांची नावं आणि मोबाइल नंबर उभ्या, मध्यम जाडीच्या अक्षरात लावा. मोटरसायकलवरून जाणारा माणूस नंबर एकदाच बघतो. श्रद्धांजलीच्या फलकावर तर हे अक्षर अजिबात वापरू नका, यजमानाने कितीही सांगितलं तरी.