नाताळ ते नववर्ष: गोव्यातला पार्ट्यांचा आठवडा कसा पेलावा

उत्तर गोव्यात 25 डिसेंबर ते 1 जानेवारी या दिवसांत टेक्नो, हाउस आणि सायट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या पार्ट्या रोज कुठे ना कुठे असतात. पैसे कमी पडून हा आठवडा क्वचितच फसतो. बहुतेकांचा फसतो तो घड्याळामुळे: उशिरा पोचणं, पहिल्या दोन रात्रींतच झोप संपवणं आणि 30 तारखेला तापाने अंथरूण धरणं.

दहाचा नियम आधी समजून घ्या

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. कोणते दिवस ते दरवर्षी ठरतं, त्यामुळे त्या वर्षीचा आदेश बातम्यांत पाहून घ्या. त्यापुढचं संगीत बंदिस्त हॉलमध्ये.

म्हणूनच गोव्यातली चांगली खुली पार्टी दुपारी 4 च्या सुमारास सुरू होते. मुंबई-पुण्याच्या सवयीने जेवूनखाऊन 11 ला पोचाल, तर केबल गुंडाळणारी माणसं भेटतील. पोस्टरवर ‘उशिरापर्यंत’ असं लिहिलेलं असलं तरी मुख्य डीजे बहुधा 8 ते 10 मध्येच वाजवतो. डीजेंच्या वेळा अनेकदा त्याच दिवशी जाहीर होतात. दुपारी आयोजकांच्या पानावर बघा. 6 पर्यंत आत असा. सूर्य साधारण 6.10 ला मावळतो, आणि त्या अर्ध्या तासात संगीत संथ लयीतून वर चढतं. ते चढणं चुकलं की डीजेचा पुढचा सेट, म्हणजे सलग वाजवलेली गाणी, अर्धवट कळतो.

सायट्रान्स मिनिटाला साधारण 138 ते 148 बीट्सचा, म्हणजे ठोक्यांचा, असतो, हाउस 118 ते 128. सलग दोन दिवस सायट्रान्स नाचलात तर पोटऱ्या बोलू लागतात. मध्ये एक हाउसची संध्याकाळ ठेवा.

मुक्काम नदीच्या एका बाजूला

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ॲपवर अंजुना, आरंबोल, आरपोरा दिसतं, गावात हणजूण, हरमल, हडफडे म्हणतात. पत्ता विचारताना हीच नावं घ्या.

शापोरा नदीच्या दक्षिणेला बार्देश: वागातोर, हणजूण, हडफडे. उत्तरेला पेडणे तालुका: मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. दोन्हींना जोडणारा शिवोली-चोपडे पूल 30 आणि 31 ला संध्याकाळी तुंबतो, आणि वीस मिनिटांच्या वाटेला तास-दीड तास जातो. म्हणून पार्ट्यांची यादी आधी करा, जास्त पार्ट्या ज्या बाजूला तिकडे खोली घ्या, पलीकडच्या पार्ट्या 26 ते 28 मध्ये उरका. सायट्रान्ससाठी आलात तर वागातोर-हणजूण. समुद्रकाठचं संथ हाउस हवं असेल तर मोरजी-आश्वे. खोली मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत घ्या, कारण दिवसा झोपायचं आहे. जाड पडदे आहेत का, हे बुकिंगआधी फोन करून विचारा.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं. 25 डिसेंबरसाठी ती तारीख 26 ऑक्टोबर. कोकण रेल्वेवर या आठवड्याची तिकिटं फार लवकर संपतात. वागातोर-हणजूणसाठी थिवीला उतरा (तिथून सुमारे 20 किलोमीटर), हरमलसाठी पेडणे स्टेशनला. विमानाने येत असाल आणि मुक्काम पेडण्याकडे असेल तर मोपा विमानतळ घ्या, दाबोळीचा लांब पडतो.

येण्या-जाण्याची सोय नाचण्याआधी

भाड्याच्या स्कूटरला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तर पोलीस थांबवतात, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो. गाडी हातात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, ब्रेक दाबून बघा, हेडलाइट लावून बघा; टाकी बहुधा रिकामीच मिळते, म्हणून पहिलं काम पेट्रोल. हेल्मेट मागच्या माणसालाही.

प्यायलात तर स्कूटर जागेवरच ठेवा. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि इथले रस्ते अरुंद, वळणांचे, कित्येक ठिकाणी अंधारे. परतीसाठी तीन वाटा: टॅक्सीवाल्याशी जातानाच परतीची वेळ आणि भाडं ठरवणं, गोवामाइल्सचं टॅक्सी ॲप, किंवा ‘पायलट’, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. ओला-उबरवर विसंबू नका. पार्टी सुटली की सगळे एकदमच बाहेर पडतात, म्हणून शेवटच्या गाण्याच्या पंधरा मिनिटं आधी निघा किंवा सरळ अर्धा तास बसून राहा. फाटकापाशी ताटकळण्यात अर्थ नाही.

कान

याबाबत लोक सर्वांत हलगर्जी असतात, आणि हेच नुकसान भरून येत नाही. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती फक्त पंधरा मिनिटं उरते, आणि स्पीकरपुढे 100 सहज गाठलं जातं. सगळ्या स्वरपट्ट्या सारख्या कमी करणारे फिल्टरचे इअरप्लग घ्या. त्यातून संगीत गढूळ होत नाही. फोमचे असतील तर बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद धरून ठेवा. नुसते कानाच्या तोंडाशी कोंबले तर उपयोग नाही.

उभं राहायची उत्तम जागा साउंड मिक्सरच्या (आवाज जुळवणाऱ्याच्या टेबलाच्या) थोडी पुढे, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध. तिथेच आवाज जुळवलेला असतो. भिंतीलगत बास, म्हणजे खर्जाचा आवाज, साचतो आणि घुमतो. दर तासाला दहा मिनिटं लांब जा. सकाळी कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी पार्टी नाही.

झोप, पाणी, पेज

सात रात्रींत तीनच मोठ्या, म्हणजे उशिरापर्यंतच्या, धरा. उरलेल्यांतल्या तीन रात्री 10 लाच आटोपा, एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, शक्यतो 29 तारीख. मोठ्या रात्रीनंतर सकाळी पाच तास आणि दुपारी दीड तास, अशी दोन तुकड्यांत झोप घ्या. दुपारची झोप 4 पर्यंत संपवा.

नाचताना तासाला 250 ते 500 मिलिलिटर पाणी, घोट घोट. घाबरून लिटरच्या लिटर साधं पाणी पिऊ नका. घामाबरोबर मीठ गेलेलं असतं, नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम आणखी उतरतं आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण येतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पुडीवर लिहिलंय तसंच. ‘कडक’ करायला कमी पाणी घालू नका.

सकाळी खायला पेज, मीठ आणि लोणचं. दमलेल्या पोटाला यापेक्षा चांगलं काही नाही. नाहीतर पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) गरम पाव आणि पातळ भाजी. तळलेलं संध्याकाळी.

पायात बंद, गादीचे बूट. वागातोरच्या टेकडीवर धूळ उडते, म्हणून रुमाल. मोजे रोज नवे. पहाटे स्कूटरवर गार लागतं, पातळ जॅकेट डिकीत असू द्या.

आत गेल्यावर

पहिलं काम: बाहेर पडायच्या दोन वाटा शोधा. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत 25 माणसं गेली. तळघर, एकच अरुंद जिना, छताला सुकलेली झावळं आणि आत फटाके उडत असतील, तर तिकिटाचे पैसे सोडा आणि निघा.

मित्रांशी भेटायची जागा आधी ठरवा. 31 ला नेटवर्क कोलमडतं, यूपीआयही अडकतं. दोन हजार रोख वेगळ्या खिशात ठेवा. अनेक ठिकाणी एकट्या पुरुषांना प्रवेश नाही किंवा दर जास्त असतो, हे फोन करून विचारा. गोव्यात दारूचं वय 21, ओळखपत्र लागतंच. ग्लास हातातून सोडलात तर तो परत उचलू नका, नवा घ्या.

अमली पदार्थ कोणी देईल, नको म्हणा. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा 1985 थोड्याशा प्रमाणालाही लागू होतो, आणि गोळीत नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. उष्णतेत नाचताना त्यानेच माणसं कोसळतात. कोणी तापलेल्या अंगाने बरळू लागला तर बाहेर मोकळ्या हवेत न्या, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा, 108 लावा. शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. बार्देशातून जवळचं मोठं सरकारी इस्पितळ म्हापशाचं.

प्यायल्यावर समुद्रात उतरू नका. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात.