अडकलेले एपीटी अपग्रेड कसे सोडवावे

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पॅकेजे (सॉफ्टवेअरचे संच) अद्ययावत करणारी ‘सुडो एपीटी अपग्रेड’ ही आज्ञा चालू असताना टर्मिनल बराच वेळ एकाच ओळीवर खिळून राहिले, तर खिडकी बंद करू नये आणि मशीनही रीस्टार्ट करू नये. अशा वेळी एपीटीच्या आत काम करणारे, पॅकेजे प्रत्यक्ष बसवणारे डीपीकेजी बहुतेकदा कशाची तरी वाट पाहत असते, आणि ते कशासाठी थांबले आहे हे समजल्याशिवाय केलेला कोणताही उपाय पॅकेजे अर्धवट अवस्थेत सोडू शकतो.

प्रथम पडद्यावरील शेवटच्या ओळी नीट वाचाव्यात. तुम्ही बदललेल्या एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलचे काय करायचे, असा प्रश्न तेथे उत्तराविना उभा असू शकतो: ‘वाय’ दाबल्यास नवी फाइल बसते, ‘एन’ किंवा नुसते एंटर दाबल्यास तुमची फाइल कायम राहते आणि ‘डी’ दाबल्यास दोहोंतील फरक दिसतो. चुकून कंट्रोल-एस दाबले गेले असेल, तर कंट्रोल-क्यू दाबताच आउटपुट पुन्हा वाहू लागते.

पडद्यावर काहीच सुगावा लागत नसेल, तर दुसरे टर्मिनल उघडून ‘पीएस -ईएफ --फॉरेस्ट’ चालवावे आणि डीपीकेजीच्या खाली, फांदीच्या अगदी टोकाला कोणती प्रोसेस आहे ते पाहावे. खरे उत्तर तेथेच असते. टोकाला कंपायलर किंवा इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरते ती छोटी फाइल-प्रणाली) तयार करणारी स्क्रिप्ट असेल आणि ‘टॉप’मध्ये प्रोसेसर व्यग्र दिसत असेल, तर काम चालूच आहे, संथ डिस्कवर त्याला वेळ लागतो, तो द्यावा. टोकाला ‘सिस्टिमसीटीएल’ असेल, तर पॅकेजची पोस्टइन्स्ट (पॅकेज बसल्यावर चालणारी) स्क्रिप्ट एखादी सेवा रीस्टार्ट होण्याची वाट पाहत आहे. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ने ती सेवा कोणती हे कळते आणि ‘जर्नलसीटीएल -यू’पुढे तिचे नाव दिल्यास ती का उठत नाही हे बहुधा उमगते. तरीही कोंडी फुटली नाही, तर फक्त त्या टोकाच्या प्रोसेसला साधा ‘किल’ द्यावा. डीपीकेजीला ‘किल -९’ देऊ नये, कारण स्क्रिप्ट अपयशी ठरली तर त्याची नोंद डीपीकेजी व्यवस्थित करते, पण ते स्वतःच मारले गेले तर चालू काम मध्येच तुटते.

जागेचीही खात्री करावी. ‘डीएफ -एच’ने मोकळी जागा आणि ‘डीएफ -आय’ने शिल्लक आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी) दिसतात. मुख्य विभाजन भरले असल्यास ‘एपीटी क्लीन’ उतरवलेल्या पॅकेज फाइली काढून टाकते. जुन्या कर्नलांमुळे वेगळे /बूट विभाजन भरले असेल, तर ती काढण्यापूर्वी ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणते ते पाहून त्याला हात लावू नये.

लॉक (एका वेळी एकाच प्रोसेसला पॅकेजांचा डेटाबेस बदलू देणारे कुलूप) मिळत नसल्याचा संदेश आला, तर नव्या आवृत्त्यांमध्ये लॉक धरणाऱ्या प्रोसेसचा क्रमांकही त्यातच दिलेला असतो. बहुधा ते पार्श्वभूमीवर आपोआप अपग्रेड करणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स असते. ते संपू द्यावे. लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो घातक आहे. ती फाइल एरवीही जागेवरच असते. प्रत्यक्ष लॉक कर्नल सांभाळते आणि प्रोसेस संपताच ते आपोआप सुटते. प्रोसेस चालू असताना फाइल पुसली, तर दोन डीपीकेजी एकाच वेळी एकाच डेटाबेसमध्ये लिहू शकतात.

अपग्रेड मध्येच तुटलेच, तर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून उरलेली पॅकेजे मार्गी लावावीत, नंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने अवलंबित्वे जुळवावीत. एकच पॅकेज पुन्हापुन्हा अडत असेल, तर /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग या फाइलीत त्याची पहिली त्रुटी शोधावी, कारण नंतरच्या अनेक त्रुटी तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात. शेवटी ‘डीपीकेजी --ऑडिट’ चालवावे. त्याने काहीही छापले नाही आणि /बूटमध्ये नव्या कर्नलसोबत त्याची इनिटआरडी फाइलही (म्हणजेच वरील इनिटरॅमएफएस) दिसली, की मशीन रीस्टार्ट करण्यास हरकत नाही.