जुनी व्हेरिअ‍ॅक्स घ्यायची का? आधी बॅटरी काढून वाजवा

परवा फोंड्याहून एका ओळखीच्या पोराचा फोन आला, दादा, गोव्यात हणजूणला एकजण लाइन सिक्स कंपनीची व्हेरिअ‍ॅक्स विकतोय, सीझन संपला म्हणून गाशा गुंडाळतोय, घेऊ का? मी विचारलं कुठली, तर म्हणतो व्हेरिअ‍ॅक्स म्हणजे व्हेरिअ‍ॅक्स ना! नाही रे बाबा, सगळा खेळ त्यातच आहे.

ही एकच इलेक्ट्रिक गिटार, पण निरनिराळ्या गिटारींचे आवाज काढणारी. प्रत्येक तारेखाली ब्रिजमध्ये (तारा टेकतात त्या पट्टीत) पिएझो, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा सेन्सर, गिटारच्या पोटात प्रोसेसर, नॉब फिरवला की स्ट्रॅट, लेस पॉल अशा नावाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारी, बारा तारांची ट्वेल्व्ह स्ट्रिंग, अगदी बँजोसुद्धा. चवथीत एका रात्रीत भजन, भावगीत आणि ऑर्केस्ट्रा असं सगळं वाजवणाऱ्याला एका गिटारीवर भागतं, म्हणून मला ही चीज मनापासून आवडते. पण आता नवीन मिळत नाही, आणि बोर्ड गेला तर पणजी-मडगावात दुरुस्त करून देणारा मला तरी भेटलेला नाही. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो, आतलं इलेक्ट्रॉनिक्स उद्या मेलं तर हातात काय उरतं?

पहिल्या पिढीतल्या ३००, ५००, ७०० ह्यांना मॅग्नेटिक पिकअपच (साध्या इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली असतात ते चुंबकवाले) नाहीत. पॉवर गेली की आवाज बंद, उरलं ते लाकूड. २०१० च्या सुमारास आलेल्या जेम्स टायलर मॉडेलना, म्हणजे जेटीव्ही ५९, ६९, ८९, नेहमीचे पिकअपही आहेत, बॅटरी संपली तरी साधी इलेक्ट्रिक म्हणून वाजते. यामाहाने कंपनी घेतल्यावर आलेल्या स्टँडर्डलाही आहेत. त्यामुळे माझं स्पष्ट मत, जेटीव्ही किंवा स्टँडर्ड असेल तर विचार करा, पहिल्या पिढीतली अगदी मातीमोल भावात मिळाली तरच.

आता बघायला जाल तेव्हा. जेटीव्ही किंवा स्टँडर्ड असेल तर आधी बॅटरी काढायला सांगा आणि मॅग्नेटिकवर वाजवून बघा. जेटीव्हीची बॅटरी खास लिथियमची असते, फुगलेली दिसली किंवा चार्जर हरवलाय म्हणाला तर तो खर्च किमतीतून तिथल्या तिथे वजा करा. जुन्या ५०० मध्ये सहा पेन्सिल सेल बसतात, तो डबा उघडून स्प्रिंग नीट बघा. इथली हवा खारी, पत्र्यावर हिरवट पांढरी पूड साचलेली दिसली तर आतल्या बोर्डवर काय झालं असेल त्याचा अंदाज येतो.

मग घाई न करता निदान अर्धा तास वाजवा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण माझ्या एका गिटारीत (कंपनी वेगळी होती) दहा मिनिटं सगळं मस्त चाललं, पैसे दिले, घरी आणली, आणि वीसेक मिनिटांनी तिसरी तार हळूहळू विरत गेली, जोरात छेडली तरी लांबून आल्यासारखी, बाकी पाच ठणठणीत. पिएझो गेला होता आणि विकणारा तोवर विमानात. म्हणून एकेक तार सुटी वाजवा, सारख्याच जोराने, सहाही एकसारख्या ऐकू येतात का बघा, सॅडलवर (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो तुकडा) नखाने टिचकी मारा, कुठे ठक आणि कुठे नुसती खरखर असेल तर सोडून द्या. सॅडलचे बारीक स्क्रू गंजून बसलेत का तेही बघा.

खुंट्या न पिळता ट्युनिंग बदलणारा नॉब असेल तर आधी खऱ्या तारा ट्युनरवर काटेकोर लावा, नाहीतर ड्रॉप डी (सगळ्यात जाड तार खाली उतरवलेलं ट्युनिंग) बेसूर येणार आणि तुम्ही उगाच गिटारीला दोष देणार. अ‍ॅम्प थोडा मोठा ठेवा किंवा आपले हेडफोन न्या, कारण बारीक आवाजात खऱ्या तारांचा मूळ सूर त्यात मिसळतो आणि कानाला विचित्र लागतं.

एक गोष्ट विसरू नका, ह्या गिटारीवर नेटच्या केबलच्या पोर्टासारखं दिसणारं पोर्ट असतं. ते पॉड किंवा हेलिक्सला, म्हणजे लाइन सिक्सच्याच इफेक्ट प्रोसेसरला जोडायचं, त्यातूनच पॉवरही मिळते, लॅपटॉपच्या किंवा राउटरच्या नेट पोर्टात चुकूनही घालायचं नाही. नॉबवरच्या आवाजांत फेरफार करायला वर्कबेंच सॉफ्टवेअर लागतं आणि त्याचा छोटा यूएसबी इंटरफेस, तो सोबत देतोय का ते आधीच विचारा, नंतर शोधत बसाल.

नेक, फ्रेट हे कुठल्याही जुन्या गिटारीसारखंच, जाणकाराला सोबत न्या.

भाव ठरवताना मी तरी मॉडेलिंगचे, म्हणजे निरनिराळे आवाज काढण्याच्या करामतीचे, पैसे फार मोजत नाही. त्याच दर्जाची साधी गिटार सेकंडहँड कितीला मिळेल ते बघायचं, वर थोडं द्यायचं, बस्स. त्या पोराची ३०० निघाली, डब्यात पूड होती, घेऊ नको म्हटलं. आता पेडण्यात कोणाकडे जेटीव्ही ५९ आहे म्हणे, रविवारी दोघं जाणार आहोत, माझा अ‍ॅम्प गाडीत टाकून.