दागिने, चित्रे आणि घरातील मौल्यवान वस्तूंचा विमा : या चुका टाळा

माझी मावशी दादरला राहते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ती आठ दिवसांसाठी गावी गेली असताना घराचा कडीकोयंडा तोडून चोरी झाली आणि लोखंडी कपाटातली मोहनमाळ, दोन पाटल्या व मोत्यांचा तन्मणी गेला. घराचा विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, एफआयआरही परतल्याच्या दिवशीच नोंदवला होता. तरीही एक रुपया मिळाला नाही, कारण तिच्या पॉलिसीत आग, पूर आणि भूकंप यांपासून संरक्षण होते, घरफोडीपासून नव्हते. पहिल्या पानावरच्या ‘घरातील सामान’ या शब्दांवर विसंबून तिने पुढची पाने उघडलीच नव्हती. त्या दाव्याची कागदपत्रे जुळवताना जे शिकलो, ते पुढे नात्यातल्या अनेकांच्या पॉलिसी वाचताना पुन्हा पुन्हा खरे ठरले. दावा चोरीच्या दिवशी क्वचितच फसतो, तो विमा घेताना केलेल्या निष्काळजीपणामुळे आधीच फसलेला असतो.

गृहविम्यात चोरी गृहीत धरणे

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. घराच्या इमारतीचा विमा उतरवला की इमारतीच्या विमारकमेच्या (जेवढ्या रकमेचा विमा उतरवला तिच्या) २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळते, ही या पॉलिसीची मोठी सोय आहे. मात्र दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू या ‘सर्वसाधारण सामाना’त मोडत नाहीत. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण मागून घ्यावे लागते. आणि ते घेतले तरी मूळ पॉलिसीत चोरीला भरपाई मिळते ती केवळ आग, पूर, दंगल अशा विमाकृत घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे चोरी झाली असेल तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे कलम किंवा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. ‘घरफोडीला संरक्षण आहे का?’ हाच एजंटाला विचारायचा पहिला प्रश्न असावा, आणि त्याचे उत्तर तोंडी न घेता पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

घरफोडीच्या कलमातही बारकावे आहेत. अनेक पॉलिसींत घरात बळजबरीने शिरल्याची खूण असणे आवश्यक मानले जाते, म्हणजे दार उघडे असताना कोणी आत येऊन दागिना उचलून नेला तर त्या कलमाखाली दावा टिकत नाही. कपाटाची चावी कपाटावरच किंवा देवघरातल्या डब्यात ठेवली असेल आणि चोराने तीच वापरली असेल, तरीही कंपनी आक्षेप घेऊ शकते. घरातल्या माणसाने किंवा घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने केलेली चोरी बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. घर सलग ठरावीक दिवसांपेक्षा जास्त, बहुधा ३० दिवसांपेक्षा जास्त, बंद राहिल्यास संरक्षण थांबते. मे महिन्यात किंवा गणपतीच्या आधीपासून कोकणात जाऊन दीड-दोन महिने राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची आहे. निघण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवून संमती घेतली तर संरक्षण चालू राहू शकते, पण ते पत्र निघण्यापूर्वीच जायला हवे.

लॉकर हाच विमा आहे असे समजणे

सोने बँकेत ठेवले की विम्याची गरज उरत नाही, ही समजूत मुंबईच्या मध्यमवर्गात फार खोल रुजली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जारी केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, बँकेच्या हलगर्जीपणामुळे लागलेली आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट इतकीच आहे. वर्षाचे भाडे ४,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ४ लाख रुपये मिळतील. एप्रिल २०२५ मध्ये शुद्ध सोन्याच्या १० ग्रॅमचा भाव एक लाखावर गेला, हे लक्षात घेतले तर ही रक्कम त्या भावानेही जेमतेम ४० ग्रॅम सोन्याची होते. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, तिच्यावर जबाबदारीच येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. ज्यांचा लॉकर सखल भागातल्या शाखेत तळघरात किंवा तळमजल्यावर आहे, त्यांनी हा आकडा विसरू नये.

बँक लॉकरमध्ये काय ठेवले आहे याची नोंद ठेवत नाही, आणि लॉकरमधल्या वस्तूंचा विमा ती स्वतः विकूही शकत नाही. त्यामुळे लॉकरमधील दागिन्यांनाही संरक्षण देणारी पॉलिसी विमा कंपनीकडून वेगळी घ्यावी लागते. तीत ‘लॉकरमध्ये असताना’ आणि ‘घरी किंवा अंगावर असताना’ या दोन्ही स्थिती स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, हे तपासावे. लग्नासाठी लॉकरमधून काढलेला चपलाहार त्याच रात्री घरातून गेला आणि संरक्षण केवळ लॉकरपुरते असेल, तर पॉलिसीचा उपयोग होत नाही.

यादी आणि मूल्यांकन

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान होते ते येथे, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट तोळ्याची. आजीच्या काळच्या पावतीवरचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता, आज सराफ बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात. जुन्या पावतीवर ‘१० तोळे’ पाहून विम्याच्या अर्जात १०० ग्रॅम लिहिले, तर १६ ग्रॅमहून अधिक सोने कागदावरून नाहीसे होते. याच्या उलट चूक ठुशी, चिंचपेटी, पोकळ मण्यांच्या माळा यांच्याबाबतीत होते. त्यांत लाख भरलेली असते, दोरा, मोती, खडे असतात, आणि पावतीवरील एकूण वजन सोन्याचे वजन समजून लिहिले जाते. निव्वळ वजन, कॅरेट, खडे व मोती यांचे वेगळे वर्णन आणि त्यांचे वेगळे मूल्य, असे चार रकाने यादीत असलेच पाहिजेत. अलीकडच्या दागिन्यांवर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो भिंगातून वाचून यादीत उतरवावा आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळून पाहावा, म्हणजे दागिन्याची ओळख पक्की होते. जुन्या दागिन्यांवर हा क्रमांक नसतो. त्यांची शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात तपासून अहवाल घेता येतो.

नथ, तन्मणी, मोत्याच्या कुड्या यांची किंमत तराजूवर ठरत नाही. जुने, नैसर्गिक बसरा मोती आणि आजचे संवर्धित, म्हणजे शेतीतून घेतलेले, मोती यांच्या किमतींत प्रचंड अंतर असते, आणि ते ओळखणे हे शासनमान्य नोंदणीकृत मूल्यांककाचे काम आहे, नेहमीच्या सराफाच्या कच्च्या चिठ्ठीचे नव्हे. ‘भारत गृह रक्षा’मध्ये मौल्यवान वस्तूंची विमारकम ५ लाखांपर्यंत असेल आणि एकही वस्तू १ लाखाहून अधिक किमतीची नसेल, तर मूल्यांकन प्रमाणपत्राची सक्ती नाही. परंतु आजच्या भावात एक साधी पाटलीही ही मर्यादा सहज ओलांडू शकते. त्या पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचे मूल्य आधी परस्पर संमतीने ठरवले जाते. म्हणजे ते मूल्य जेवढे काळजीपूर्वक ठरेल, तेवढीच भरपाई रास्त होईल.

इतर अनेक पॉलिसींत कमी रकमेचा विमा उतरवल्यास भरपाईतही त्याच प्रमाणात कपात होते. समजा, घरातील दागिने २० लाखांचे आहेत आणि विमा १० लाखांचा आहे. चोरीला ४ लाखांचे दागिने गेले, तर हाती २ लाखच येतात. चार वर्षांपूर्वीच्या भावाने काढलेली विमारकम तशीच नूतनीकरणात पुढे नेणाऱ्यांच्या वाट्याला हीच कपात येते. दरवर्षी नूतनीकरणाच्या महिनाभर आधी त्या दिवसाचा भाव घेऊन यादी पुन्हा मांडायला अर्धा तास लागतो. शिवाय घडणावळ भरपाईत धरली जाते की केवळ सोन्याचे मूल्य दिले जाते, हे त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

जुने मोडून नवे करण्याची आपल्याकडची पद्धत विम्याच्या यादीला नेहमी चकवते. यादीत ‘चार बांगड्या’ आहेत आणि त्या मोडून दोन वर्षांपूर्वी तोडे केले आहेत, तर विमा नसलेल्या दागिन्याचा दावा आणि नसलेल्या दागिन्याचा विमा, असा प्रसंग उभा राहतो. सराफाने जुन्या सोन्याची पावती व नव्या दागिन्याचे बिल दिले की दोन्हींच्या प्रती कंपनीला पाठवून पॉलिसीत दुरुस्ती, म्हणजे एन्डॉर्समेंट, करून घ्यावी. सोन्याची वळी, बिस्किटे, नाणी आणि कोंदणात न बसवलेले खडे यांचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते बहुधा वगळलेले असतात. पाडव्याला घेतलेले नाणे ‘दागिन्यां’त येईल असे धरून चालू नये.

छायाचित्रे काढताना दागिना अंगावर घालून काढलेला लग्नातला फोटो उपयोगी असतो, पण तेवढा पुरत नाही. पांढऱ्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, पुढून आणि मागून, कुडीची फिरकी, माळेची कडी, डागडुजीची खूण दिसेल असे फोटो काढावेत. मावशीच्या तन्मण्याच्या खोडाला मागून एक बारीक ठिगळ होते. पुढे पोलिसांकडे मुद्देमाल सापडला तेव्हा त्याच ठिगळावरून तो ओळखता आला.

मालकी आणि पत्ता

लेकीचे दागिने लग्नानंतरही माहेरच्या कपाटात राहतात. पण पॉलिसी आईच्या नावाने असते आणि ती बहुधा आई व तिच्यासोबत कायम राहणाऱ्या कुटुंबीयांच्या वस्तूंनाच लागू होते. मुलगी ठाण्याला स्वतःच्या घरी राहत असेल, तर तिच्या दागिन्यांसाठी तिच्याच नावे विमा असावा, किंवा दागिने कोठे ठेवले आहेत ते कळवून कंपनीची लेखी मान्यता घ्यावी.

मुंबईत याहून मोठी अडचण पुनर्विकासाची आहे. इमारत रिकामी करून दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि हलवाहलवीच्या धांदलीत गॅसची जोडणी, आधार, रेशनकार्ड यांचे पत्ते बदलले जातात, विम्याचा मात्र राहतो. घरफोडीचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच्या घराला असतो. सामान हलवण्याच्या दिवशीही वाहतुकीतील नुकसान गृहविम्यात येत नाही, त्यामुळे दागिने टेम्पोत न देता त्या आठवड्यापुरते लॉकरमध्ये ठेवावेत.

घराबाहेर

मंगळसूत्र खेचून नेणे, लोकलच्या गर्दीत बांगडी कापली जाणे, हे घरफोडीच्या कलमात बसत नाही. त्यासाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारचे, म्हणजे वस्तू घराबाहेर असतानाही लागू होणारे, संरक्षण लागते. तेथेही उभ्या गाडीत ठेवलेली पिशवी किंवा कुठे हरवले हे सांगताच न येणे, हे बहुधा वगळलेले असते. सराफाने खरेदीबरोबर वर्षभराचा मोफत विमा दिला असेल, तर त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते हे बिलाच्या मागे लिहून ठेवावे.

चित्रे आणि जुन्या वस्तू

काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात थेट चित्रकाराकडून घेतलेल्या चित्राचे बिल बहुतेकांकडे नसते. चित्रकाराची सही असलेली पावती, चित्राचे माप, माध्यम, वर्ष आणि मागच्या बाजूचा फोटो एवढे तरी हवेच. घरात राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील जुना शिळाछाप असेल, तर त्याची नोंद ‘रविवर्म्याचे चित्र’ अशी करू नये. हा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, तेथील छापांच्या अनेक प्रती निघाल्या, आणि मूळ तैलचित्र व छाप यांच्या किमतींची तुलनाच होत नाही. चुकीचे वर्णन हे दाव्याच्या वेळी चुकीची माहिती दिल्याचे कारण ठरू शकते.

पावसाळ्यात चित्रावर आलेली बुरशी, चौकटीला लागलेली वाळवी, पैठणीच्या जरीचा काळेपणा, हे हळूहळू होणारे नुकसान कोणत्याही नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही. वरच्या मजल्यावरची पाण्याची वाहिनी फुटून चित्र भिजले, तर ते संरक्षण असते. बाहेरच्या भिंतीतून झिरपलेल्या ओलीला नसते. म्हणून बाहेरच्या भिंतीवर मौल्यवान चित्र लावू नये.

चोरी झाल्यानंतर

तुटलेली कडी सुताराकडून दुरुस्त करून घेण्यापूर्वी पोलिसांचा पंचनामा होऊ द्यावा, कारण बळजबरीने शिरल्याचा पुरावा तोच आहे. ऑनलाइन केलेली ‘हरवल्याची नोंद’ म्हणजे एफआयआर नव्हे, आणि चोरीच्या दाव्याला एफआयआर लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही फिर्याद देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवावे.

घाबरलेल्या अवस्थेत पहिल्या जबाबात एखादा दागिना राहून जातो. नंतर लक्षात आल्यास पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब द्यावा, कारण एफआयआरमधील यादी आणि दाव्यातील यादी नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर शेजारी शेजारी ठेवून वाचतो. तपास लागला नाही तर कंपनी अंतिम अहवाल मागते. आपल्याकडे गुन्हा खरा पण आरोपी न सापडलेला, अशा प्रकरणात ‘अ’ समरी (तपास थांबवल्याचा अहवाल) होते. तिची प्रमाणित प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

दावा नाकारला गेला, तर नेमक्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या यंत्रणेकडे, जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे, तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे ऐकल्या जातात. सोबत पॉलिसीची सर्व पाने, पंचनाम्याची प्रत, मूल्यांकन प्रमाणपत्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून न्यावा.