हार्टच्या रिसर्चरचा पब्लिकेशन रेकॉर्ड नीट कसा तपासायचा

पीएचडीला गाईड निवडताय, फेलोशिपला कोणाच्या हाताखाली जायचं ते ठरवताय, किंवा कोणाच्या नावापुढे 'जगप्रसिद्ध हृदयतज्ज्ञ' असं लिहिलंय ते कितपत खरं बघायचंय, तर इतके पेपर नि इतकी सायटेशन्स (दुसऱ्यांच्या पेपरमध्ये आलेले उल्लेख) एवढ्यावर थांबू नका. आधी पेपर बघायचे, आकडा नंतर.

पहिलं काम नावाचं. पबमेड, म्हणजे मेडिकल पेपर शोधायची वेबसाईट, फुकट आहे, तिथे आडनाव आणि इनिशियल टाकायचं, पण नुसतं जोशी एस टाकलंत तर हार्टवाल्यांसोबत दातांचे, किडनीचे सगळेच जोशी येणार, त्यात आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, म्हणून एकच माणूस कधी पाटील एस तर कधी पाटील एस आर असा छापला जातो, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे आधीचे पेपर तर सरळ सुटूनच जातात. त्यामुळे ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे प्रत्येक रिसर्चरचा स्वतःचा वेगळा नंबर, आहे का बघा, 2012 पासून ही सोय आहे. नसेल तर नावासोबत संस्थेचं नाव टाकून शोधा. गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साईटवरचं प्रोफाईल ज्याचं त्यानेच उघडलेलं असतं आणि त्यात भलत्याचेच पेपर आपोआप येऊन बसतात, तेव्हा यादीवरून एकदा नजर फिरवाच.

मग नाव कितवं आहे ते बघा. मेडिकलमध्ये साधारणपणे प्रत्यक्ष राबलेला माणूस पहिला आणि ग्रुपचा प्रमुख शेवटी. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज (जगभरातल्या आजारांचा हिशोब मांडणारा अभ्यास) सारख्या पेपरवर शेकडो नावं असतात, सायटेशन मात्र प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतं. पबमेडच्या अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये फर्स्ट ऑथर आणि लास्ट ऑथर असे वेगळे ऑप्शन आहेत, ते वापरलेत की यादी झटकन आटोपशीर होते.

एच इंडेक्स हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 साली काढला. 40 असेल तर किमान 40 पेपर प्रत्येकी किमान 40 वेळा साईट झालेत, बस एवढंच. वय वाढेल तसा तो वाढतो, कमी कधी होत नाही, आणि गूगल स्कॉलरवर स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसपेक्षा बहुतेक वेळा जास्तच दिसतो, म्हणून दोन माणसांची तुलना करताना सोर्स एकच ठेवा.

खरी मेख पेपरच्या प्रकारात आहे. गाईडलाईन्स आणि रिव्ह्यू (आधीच्या पेपरांचा आढावा) भरपूर साईट होतात, पण त्यात नवीन डेटा सहसा नसतो. ओरिजिनल काम वेगळं काढून बघा. सलीम युसूफ यांचंच घ्या, मूळचे केरळचे, बंगलोरच्या सेंट जॉन्समध्ये शिकलेले, पुढे कॅनडात मॅकमास्टरला गेले. त्यांचा 2004 चा इंटरहार्ट पेपर 52 देशांतल्या पेशंट्सवर आहे आणि पहिल्या हार्ट अटॅकचा बहुतांश धोका नऊच गोष्टींशी जोडलेला आहे हे त्यात दाखवलंय, सिगारेट, बीपी, डायबिटीस, पोटाचा घेर वगैरे. असा एक पेपर दहा रिव्ह्यूंना भारी आहे असं माझं स्पष्ट मत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिट्रॅक्शन, म्हणजे छापलेला पेपर मागे घेणं. नेदरलँड्सचे डॉन पोल्डरमन्स, प्रचंड सायटेशन्स, ऑपरेशनच्या वेळी काही पेशंटना बीटा ब्लॉकर (हार्टवरचा ताण कमी करणारं औषध) द्या असं सांगणाऱ्या 2009 च्या युरोपियन गाईडलाईनचे प्रमुख, आणि 2011 मध्ये रिसर्चमधल्या गैरप्रकारावरून त्यांच्याच युनिव्हर्सिटीने त्यांना काढलं (जाणूनबुजून काही केलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं). 2008 च्या पॉईज या दुसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये मात्र ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या बीटा ब्लॉकरने हार्ट अटॅक कमी झाले तरी मृत्यू आणि स्ट्रोक वाढलेले दिसले होते. तसंच पिएरो अन्वर्सा यांचं, हार्टच्या स्टेम सेलवर एवढं नाव, आणि 2018 मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम हॉस्पिटलने त्यांच्या लॅबचे 31 पेपर मागे घ्यायला सांगितलं. पेपर मागे घेतला तरी त्याची सायटेशन्स मोजली जातच राहतात! म्हणून रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या साईटच्या डेटाबेसमध्ये नाव टाकून बघाच, पबमेडवरही अशा पेपरवर ठळक सूचना असते.

वेळ असेल तर त्या माणसाच्या एखाद्या मोठ्या ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर घ्या, भारतातली असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीवर, आणि सुरू करताना मुख्य आउटकम (ट्रायलमध्ये काय मोजणार ते) काय लिहिलं होतं आणि पेपरमध्ये काय छापलं ते शेजारीशेजारी उघडून वाचा.