पाढा पाठ, पण सात आठे किती? या चुका टाळा

मूल सातचा पाढा एका दमात म्हणतं. मग मध्येच विचारा, "सात आठे किती?" ओठ हलायला लागतात: सात एके सात, सात दुणे चौदा... आठव्या पायरीला पोचल्यावर छप्पन्न निघतं. याचा अर्थ मुलाला पाढ्याची चाल पाठ आहे, पाढा अजून आलेला नाही. आला की नाही हे पाहायचं तर क्रम मोडून विचारा आणि मनात तीन अंक मोजा. तेवढ्यात उत्तर आलं तर ते येतं असं धरा.

चाल मोडायला मधल्या खुंट्या द्याव्या लागतात. दाहे आणि पाचे या दोन खुंट्या पक्क्या असल्या की सात आठेसाठी सुरुवातीला जायला नको: सात पाचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. नवे हवे असतील तर दाहेवरून एक पायरी मागे: सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट.

पाढा दहा वेळा लिहायला लावणं ही सगळ्यात फसवी सवय. वही नीट बघा. मूल आधी सातांची उभी रांग काढतं, मग गुणिले चिन्हांची, मग एक ते दहा, आणि शेवटी सात-सात मिळवत उत्तरं. नऊच्या पाढ्यात तर दशकाच्या जागी शून्य ते नऊ वरून खाली आणि एककाच्या जागी शून्य ते नऊ खालून वर भरलं की काम झालं! पान भरलं, गुणाकार एकही झाला नाही. त्यापेक्षा पोस्टकार्डाच्या तुकड्यांवर पुढे ७ × ८ आणि मागे ५६ लिहा, पत्ते पिसा आणि दहा मिनिटं खेळा. रोज नवे पत्ते दोन-तीनच. चुकलेला पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी टाकू नका, तीन-चार पत्त्यांनंतर पुन्हा येईल असा घाला.

काही चुका गुणाकाराच्या नसतातच, संख्यानावांच्या असतात. मूल "तीन नवे सत्तावीस" बरोबर म्हणतं आणि लिहितं ७२, कारण कानावर आधी सात पडतं, मग वीस. त्रेसष्टचे ३६ होतात ते याच कारणाने. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारी मुलंही बरीच, कारण 'एकोण' म्हणजे एक कमी हे कुणी सांगितलेलं नसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीससाठी 'वीस सात' अशी वाचनपद्धत आली तेव्हा बराच वाद झाला. वाद काही का असेना, मूल कुठे अडतं ते त्यात बरोबर हेरलं होतं. म्हणून तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी चूक असेल तर पाढा घोकवू नका, संख्यालेखन घ्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर बे, त्रिक, चोक, सक म्हणजे कोणते अंक हे आधी सांगावंच लागतं.

३ × ४ चं उत्तर सात आलं तर मुलाने बेरीज केली आहे. ताटात चिंचोक्यांच्या तीन ओळी मांडा, प्रत्येकीत चार. मोजून घ्या, मग ताट पाव फेरा फिरवा. आता चार ओळी, प्रत्येकीत तीन. चिंचोके तेच, बारा. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की ओझं उतरतं. दहापर्यंतच्या पाढ्यांत गुणाकार शंभर. एक, दोन, पाच, दहा हे सोपे बाजूला काढले आणि उलटसुलट जोड्या एकच धरल्या, तर खरे पाठ करायचे उरतात फक्त एकवीस. म्हणून बे झाल्यावर लगेच तीन, चार असं न जाता दहा आणि पाच आधी घ्या.

५४ आणि ५६ एका दिवशी शिकवू नका. सहा नवे आणि सात आठे यांची अदलाबदल एकदा बसली की निघता निघत नाही. चुकल्यावर "नीट आठव" म्हणून ताणूही नका, कारण अंदाजाने फेकलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात राहतं. लगेच पूर्ण वाक्य सांगा, "सात आठे छप्पन्न", ते म्हणवून घ्या आणि पुढे चला. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावणं तर सोडूनच द्या.

आणि तिसापर्यंतच्या पाढ्यांची घाई कशाला? मोठे गुणाकार मांडून करायला नऊपर्यंतचे पाढे पुरतात. बाराचा मात्र जरूर घ्या, डझनाच्या हिशेबाला लागतो, आणि तो नव्याने पाठ करावाही लागत नाही: बारा सक म्हणजे दहा सक साठ, बे सक बारा, बहात्तर.