विरोधकाने सही करावी असा परिच्छेद : इंग्रजीतून समतोल चर्चात्मक निबंध लिहिताना

आयल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या तयारीत मी लिहिलेला पहिला चर्चात्मक निबंध प्राण्यांवरील प्रयोगांविषयी होता. असे प्रयोग थांबवावेत असे काहींना वाटते, तर वैद्यकीय प्रगतीसाठी ते आवश्यक आहेत असे इतर मानतात. दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचे मत मांडा, असा प्रश्न होता. मी दोन्ही बाजूंना एकेक परिच्छेद दिला, प्रत्येकात तीन मुद्दे घातले, शब्दसंख्याही जवळपास सारखी ठेवली आणि निबंध अगदी तोलून उतरला आहे अशा समाधानात तो शिकवणाऱ्या बाईंच्या हाती दिला. त्यांनी व्याकरणाकडे वळण्याआधी एकच प्रश्न विचारला, "प्रयोगांचे समर्थन करणारा एखादा संशोधक तुमचा दुसरा परिच्छेद वाचून ‘माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणत त्याखाली सही करेल का?" मी परिच्छेद पुन्हा वाचला आणि गप्प बसले.

चूक मुद्द्यांत नव्हती, क्रियापदांत होती. माझ्या पहिल्या परिच्छेदात प्राणिमित्र ‘पॉइंट आउट’ करत होते, त्यांचे पुरावे ‘शो’ करत होते. दुसऱ्या परिच्छेदात मात्र संशोधक सतत ‘क्लेम’ करत होते आणि एका ठिकाणी तर ‘अ‍ॅडमिट’ही करत होते. मराठीत हाच मजकूर लिहिताना एका बाजूला ‘दाखवून देतात’ आणि दुसऱ्या बाजूला ‘दावा करतात’, ‘कबूल करतात’ असे मी लिहिले असते, तर माझे पारडे कोणीकडे झुकले आहे हे मला तत्क्षणी कळले असते. इंग्रजीत ते कळले नाही, कारण ही सगळी क्रियापदे मी समानार्थी शब्दांच्या एका यादीतून पाठ केली होती आणि शब्दांची पुनरावृत्ती टाळायची एवढ्याच हेतूने ती आलटून पालटून वापरली होती. त्या यादीत सांगितलेले नसते ते असे की ‘पॉइंट आउट’ म्हटले की पुढचे विधान खरे आहे हे लेखकाने मान्य केलेले असते, ‘क्लेम’ म्हटले की लेखक त्यापासून अंतर राखतो, आणि ‘अ‍ॅडमिट’ म्हटले की बोलणारा काहीतरी लपवत होता असा वास येतो. नवख्या लेखकाने ‘आर्ग्यू’, ‘बिलीव्ह’ आणि ‘मेन्टेन’ ही तीनच क्रियापदे दोन्ही बाजूंना सारखी वाटून दिली, तरी निबंधातला निम्मा पक्षपात नाहीसा होतो. पुनरावृत्तीचे भय त्यापुढे फार लहान आहे.

क्रियापदांनंतर पाहायचे ते बारके शब्द. आपल्या ‘च’ला इंग्रजीत थेट जागा नाही, म्हणून मराठीतून विचार करणारा लेखक तिथे ‘ओन्ली’ बसवतो. "फायद्यासाठीच प्रयोग केले जातात" हे मराठीत बोलण्याच्या ओघात खपून जाते; इंग्रजीत तेच ‘ओन्ली फॉर प्रॉफिट’ झाले की दुसरा कोणताही हेतू नाही असे ठाम विधान होते, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ‘ऑफ कोर्स’, ‘ऑब्व्हियसली’, ‘सो-कॉल्ड’ हेही त्याच जातीचे. विशेषणे आणि नामे तर उघडच बोलतात : एकाच क्रियेला कोणी ‘टॉर्चर’ म्हणतो, कोणी ‘रिसर्च’ म्हणतो. अशा वेळी दोन्ही पक्षांना मान्य होईल असा कोरडा शब्द शोधावा, जसे की ‘अ‍ॅनिमल टेस्टिंग’, आणि तो शेवटपर्यंत बदलू नये.

वाक्यरचनेतही कल दडलेला असतो. "या प्रयोगांमुळे माणसांचे प्राण वाचले असले, तरी प्राण्यांना यातना होतात" आणि "प्राण्यांना यातना होत असल्या, तरी या प्रयोगांमुळे माणसांचे प्राण वाचले आहेत" या दोन वाक्यांत माहिती तीच आहे, पण ‘तरी’नंतर जे येते तेच वाचकाच्या मनात राहते. ‘ऑल्दो’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी वाक्यालाही हेच लागू पडते. माझ्या निबंधात अशी पाच वाक्ये होती आणि पाचही वेळा प्रतिपक्ष पहिल्या, कमी वजनाच्या अर्ध्यात बसवलेला होता. जाता जाता एक सांगते : ‘जरी… तरी’ या जोडीच्या सवयीने ‘ऑल्दो’ लिहिल्यावर पुढे ‘बट’ लिहिण्याचा मोह होतो, इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालते. तसेच ‘ऑन द कॉन्ट्ररी’ हे ‘ऑन द अदर हँड’च्या जागी वापरू नये. पहिल्याने आधीचे विधान खोडले जाते, दुसऱ्याने त्याच्या शेजारी दुसरी बाजू मांडली जाते, आणि समतोल चर्चेत बहुधा दुसरेच हवे असते.

भाषा सुधारल्यावरही माझा दुसरा परिच्छेद लंगडाच राहिला, कारण प्रतिपक्षाचा मी निवडलेला युक्तिवाद मुळात सहज पाडता येईल असा होता. वक्तृत्वात ही युक्ती शोभते. चर्चात्मक निबंधात ती लगेच उघडी पडते. त्यामुळे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा शोधायचा असे ठरवून मी वाचायला बसले. 1921 साली टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला तो कुत्र्यांवरील प्रयोगांतून, आणि पुढच्याच वर्षी मधुमेही रुग्णांवर त्याने उपचार सुरू झाले. त्याआधी टाइप 1 मधुमेह झालेले मूल फार काळ जगत नसे. हे वाचल्यावर संशोधकाची बाजू ‘विज्ञानासाठी आवश्यक’ अशा गुळमुळीत वाक्यात संपवणे मला शक्य राहिले नाही. दुसरीकडे, प्रयोगांतले प्राणी शक्य तिथे पर्याय वापरून टाळावेत, त्यांची संख्या घटवावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, हे तत्त्व 1959 मध्ये मांडले गेले ते वैज्ञानिकांकडूनच; आणि प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर युरोपीय संघाने 2013 पासून पूर्ण बंदी घातली. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्यावर वाद ‘प्राणी विरुद्ध माणूस’ असा राहिला नाही. कोणत्या कामासाठी, कोणता पर्याय उपलब्ध असताना, असा झाला. परीक्षक माहितीला वेगळे गुण देत नाहीत हे खरे, पण नेमकी माहिती हाताशी असली की युक्तिवादाला टेकू मिळतो.

यातूनच मला स्वतःचे मत सापडले. समतोल म्हणजे मत नसणे, असा माझा समज होता आणि पहिल्या निबंधाचा शेवट मी "दोन्ही बाजूंना आपापले फायदे-तोटे आहेत" असा केला होता. प्रश्नात मत मागितलेले असताना ते टाळले, तर प्रश्नाला दिलेल्या प्रतिसादाचे गुण थेट कमी होतात. औषधांसाठी, पर्याय नसेल तोवर आणि काटेकोर नियमांखाली प्रयोग मान्य, प्रसाधनांसाठी अमान्य, असे अटींसह मांडलेले मतही पूर्णपणे स्पष्ट असते. ते मांडताना ‘मे’, ‘टेन्ड टू’, ‘इन मेनी केसेस’ असे सावध शब्द जरूर वापरावेत, पण एका वाक्यात एकच. तीन एकत्र आले की लेखक घाबरलेला दिसतो.

प्रश्नाचा प्रकारही नीट वाचावा. ‘डिस्कस बोथ व्ह्यूज’ असेल तर दोन्ही मते सविस्तर हवीत. ‘टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अ‍ॅग्री’ असेल तर दोन्ही बाजूंना सारखी जागा देण्याचे बंधन नाही.

आणखी एक खड्डा आहे, तो मला बराच उशिरा दिसला. प्रत्येक वादाला तुल्यबळ दोन बाजू असतातच असे नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा शोधनिबंध द लॅन्सेट या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. तिथे ‘काहींच्या मते आहे, काहींच्या मते नाही’ असे लिहिणे हा समतोल नव्हे, दिशाभूल आहे. मात्र लसीकरण सक्तीचे असावे का, हा व्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक आरोग्य यांतल्या निवडीचा प्रश्न आहे आणि त्यावर समंजस माणसांचे मतभेद होऊ शकतात. लिहायला बसण्याआधी विषयातला कोणता भाग वस्तुस्थितीचा आणि कोणता मूल्यांचा, हे वेगळे काढले की तराजू कुठे धरायचा ते कळते.

वेळेचे गणित सोपे आहे, पाळणे अवघड. आयल्ट्सच्या लेखन परीक्षेत दोन कामे असतात आणि हा निबंध त्यांतले दुसरे. एकूण 60 मिनिटांपैकी या निबंधाला 40 मिनिटे सुचवलेली असतात, किमान 250 शब्द लागतात आणि पहिल्या कामापेक्षा याचे वजन दुप्पट असते. मी आठ मिनिटे नियोजनाला आणि शेवटची पाच तपासणीला ठेवते. सुरुवातीला मी 400 शब्द लिहीत असे आणि तपासणीला वेळ उरत नसे. 280 च्या आसपास थांबू लागल्यावर चुका कमी झाल्या.

परीक्षेच्या पंधरवडाभर आधी तोच निबंध मी नव्याने लिहिला. औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी दुसरा परिच्छेद तेवढा वाचायला दिला आणि बाईंचा प्रश्न तिला विचारला. तिने तो दोनदा वाचला, पेन मागितले, तिसऱ्या ओळीतला एक ‘ओन्ली’ खोडला आणि खाली सही केली.